न्यूटाऊनचं भांडं

टेमा, कम्युनिटी आठ
६ मार्च १९८८

टेटे,

तू लिहिलंस तसं केलं. बाबांना न्यूटाऊनच्या कोळीवाड्यातून उचलून माझ्याकडे आणलं. उचलून म्हणजे खरोखरच उचलून. तुझ्या मेहुण्याने, ओदोईने, त्याच्या स्मेल्टरच्या कारखान्यातले दोन गडी आणले होते, त्यांनी खुर्चीसकट बाबांना तीन मजले चढवलं. बाबांनी वर पोचेपर्यंत डोळे उघडले नाहीत. जन्मभर होडीत उभा राहिलेला माणूस आमच्या जिन्यात घाबरला. झटक्याने लुळा पडलेला डावा पाय अजून ओढतो, पण जीभ सरळ झाली आहे. बोलत मात्र नाहीत.

आई आली नाही. मी म्हटलं, दोन खोल्या आहेत, एक तुमची दोघांची. तर मी काहीतरी वंगाळ बोलल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली. "लग्न झाल्यापासून मी माझ्या आईच्या घरात बायकांत राहिले, तो त्याच्या बापाच्या घरात पुरुषांत राहिला. चार पोरं झाली. आता म्हातारपणी जावयाच्या घरात नवऱ्याबरोबर एका खोलीत झोपू? बाजारात तोंड कुठे लपवू?" मग मासे उलटवत म्हणाली, "माणूस तू नेलास, तू ठेव. माझं जेवण येईल. मी येणार नाही."

आणि जेवण येतं. रोज. तू गावाचं सगळं लिही म्हणतोस, तर भांड्याच्या मागोमाग निघ म्हणजे झालं. आई संध्याकाळी धुराच्या भट्टीवरून उठते, निळं झाकणाचं भांडं फडक्यात बांधते आणि कोब्लाच्या बसमध्ये ठेवते. कोब्ला म्हणजे तो एव्हे जमातीचा ड्रायव्हर, ज्याच्या बसमागे 'देव बघतोय' असं रंगवलंय आणि आरसा फुटलेला आहे तो. चेमूची खाडी ओलांडायची, पाणी अजून काळंच आहे. मग होड्यांचा धक्का, मग मासळीच्या डब्यांचा कारखाना, तिथे बसमधले सगळे नाक दाबतात आणि मासळीवाल्याच दाबत नाहीत. मग बंदराच्या फाटकाशी कोकोचे ट्रक, हलत नाहीत. उजवीकडे रिफायनरीची ज्योत. मग एक गोल चौक, दुसरा गोल चौक, बाजार, आणि मग आमची कम्युनिटी, जिथे सगळ्या इमारती एकाच साच्यातल्या आहेत आणि सिमेंटची धूळ सगळ्यांवर सारखी बसते. खाली माआ अक्वेले मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी विकते, तिच्याकडे कोब्ला भांडं ठेवतो. शाळेतून येताना मी वर आणते.

डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, एक चिमूटसुद्धा नाही. माझ्या तोंडावर दोनदा सांगितलं. आई तिथेच उभी होती, पण भिंतीकडे तोंड करून. तिच्या डोक्यात काही शिरलं असेल असं वाटत नाही.

तुझी बहीण,
देदे

लास पाल्मास
२७ मार्च १९८८

कोफोरिदुआच्या मॅडम,

पत्र मिळालं. भटारखान्यात उभ्याउभ्याच वाचलं आणि वीस माणसांचा भात खाली लागला. कप्तानाने काही म्हटलं नाही, तो तसाही चव न बघता गिळतो.

बाबा तुझ्याकडे आहेत हे बरं झालं. पण आई तिकडे आणि बाबा इकडे, हे काही मला पचत नाही. मला वाटलं होतं दोघं एकत्र राहतील, तू बघशील, मी निर्धास्त. इथला बोसन, खलाशांचा मुकादम, फिलिपिनो आहे. तो विचारतो, तुझे आईबाप वेगळे का राहतात, भांडण आहे का? मी सांगतो, आमच्याकडे वेगळे राहतात म्हणून तर भांडण नाही. त्याला कळत नाही. खरं सांगू, इतकी वर्षं लोकांना समजावून समजावून आता मलाच नीट कळेनासं झालंय. त्याला मी गावाचा नकाशाही काढून दाखवला. एक, दोन, चार, सात. तो म्हणाला तीन कुठे? मी म्हटलं समुद्राकडे. पाच कुठे? मी विसरलो, देदे. आपल्याच गावातली पाच नंबरची वस्ती मला आठवेना. रात्रभर मन खट्टू होतं.

भांडं मात्र विसरलो नाही. तू मावशीकडे कोफोरिदुआला शिकायला गेलीस, ते वाहायचं माझ्या वाट्याला आलं. बायकांच्या घरातून पुरुषांच्या घरात, दोन गल्ल्या. सगळ्या पोरांची तीच वेळ, सगळ्यांच्या डोक्यावर भांडी, आणि कुणाच्या आईने काय केलंय ते वासावरून ओळखायची पैज. बाबा जेवायचे तेव्हा मी उंबऱ्यावर बसून राहायचो. माशाच्या गालाचा मऊ तुकडा ते कधीच खायचे नाहीत. झाकणाखाली तसाच ठेवायचे, माझ्यासाठी. ते उष्टं भांडं डोक्यावर घेऊन परत यायचो तेव्हा गल्लीतली सगळी कुत्री मागे.

आता तो गाल कुणाला मिळतो? कोब्लाला? मला जरा जळायला होतंय.

बाबा आईचं जेवण जेवतायत ना, तेवढं लिही. जेवतायत म्हणजे सगळं ठीक आहे.

टेटे

टेमा, कम्युनिटी आठ
१७ एप्रिल १९८८

टेटे,

पाच नंबर आमच्या मागेच आहे, वेड्या. तिथेच तुला कुत्रं चावलं होतं.

गाव आहे तसंच आहे. सणाआधीची ढोलबंदी लागली आहे, त्यामुळे महिनाभर ढोल नाही, लाऊडस्पीकर नाही, शाळेत मी घंटासुद्धा हळू वाजवते. पोलादाच्या कारखान्यातले हातोडे मात्र दिवसरात्र चालू, त्यांना कोण सांगणार. वारा समुद्राकडून आला की घरात मासळीचा वास, जमिनीकडून आला की भाजलेल्या कोकोचा. पोरांना कोकोचा वास आला की भूक लागते, बाबांना कशानेच लागत नाही.

काळजी करू नकोस म्हणून आधी लिहिलं नव्हतं, पण तू विचारलंस म्हणून लिहिते. आईचं जेवण मी बाबांपर्यंत जाऊ देत नाही. तू स्वयंपाकी आहेस, तूच सांग. खारवलेला मासा विकणारी बाई, तिच्या रश्शात मीठ किती असेल? त्यांची नस पुन्हा तटतटली तर मी कुणाला तोंड दाखवू? मी त्यांना वेगळं उकडून देते. आईचं भांडं मी स्वयंपाकघरात नेते आणि पोरं फस्त करतात. गाल वगैरे काही उरत नाही. अन्न वाया जात नाही, आईचा मान राहतो, बाबांची तब्येत राहते. पोरांची मात्र कटकट असते, प्रत्येक घासाला शितोची बाटली हवी. ओदोले म्हणते आजीच्या हाताला चवच नाही, वरून मीठ दे. शहरी जिभा, टेटे. शितोच्या त्या काळ्या तिखट तेलाशिवाय यांना काही गोड लागत नाही.

आणि तू म्हणतोस ते उष्टं भांडं मी एवढ्या गावातून बसने परत पाठवू? लोकांच्या मांडीला मांडी लावून? मी साबणाने घासते, राखेने घासते, अगदी आरसा करून पाठवते.

बाबांचं मला कळेनासं झालंय. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची ओढून बसतात आणि रस्त्याकडे बघतात. समुद्र दुसऱ्या बाजूला आहे हे मी दहादा सांगितलं. मी शाळेतून आले की विचारतात, "कुणी आलं होतं?" मी म्हणते नाही. मग जेवायला दोन घास घेतात आणि ताट सरकवतात. शर्टात मावेनासे होते, आता शर्टात हरवलेत. एकदा विचारलं, "आज मंगळवार आहे का?" मी म्हटलं गुरुवार. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी मीच चिडून विचारलं की मंगळवारचं काय एवढं? तर म्हणाले, "मंगळवारी समुद्रावर जायचं नसतं, माणूस घरी बसून असतो. इथे रोजच मंगळवार आहे."

मागच्या रविवारी आईकडे गेले. ताकोराडीला आमच्या जुन्या हेडमास्तरांच्या मातीला गेले होते, तिथून परस्पर न्यूटाऊनला उतरले. मी म्हटलं, बाबा मजेत आहेत, पडून असतात, तू दगदग करून येऊ नकोस, जिना फार आहे. तिने माझ्या काळ्या कपड्यांकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. मासे लावत राहिली. या दोघांना झालंय तरी काय, मला खरंच समजत नाही.

देदे

अँटवर्प
३ मे १९८८

देदे,

तुझं पत्र नाही. एजंटाकडे दोनदा जाऊन आलो. पण आता पत्राची गरज उरली नाही.

काल धक्क्यावर आशितेय भेटला. आपल्या मागच्या गल्लीतला, दात पुढे असलेला. त्याचं जहाज एप्रिलच्या शेवटी टेमाहून निघालं. आईने त्याच्याजवळ माझ्यासाठी निरोप दिला होता. तो म्हणाला, "तुझ्या आईने एवढंच सांगितलंय, तुझ्या बाबांचं भांडं धुऊन परत येतं."

मी विचारलं, आणखी काही? म्हणाला, नाही, पण बायका तिच्याभोवती बसून असतात. मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला बिअर पाजली.

देदे, तू मला लहान समजू नकोस. परदेशात असलेल्याला आपल्याकडे कसं सांगतात हे मला ठाऊक आहे. बरं नाही, जमलं तर ये, एवढंच लिहितात. माणूस बॅगा घेऊन घरी येतो, अंगणात खुर्च्या मांडलेल्या दिसतात आणि मग त्याला कळतं. तुझ्या पहिल्या पत्रात 'बोलत मात्र नाहीत' असं होतं. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

कधी झालं? कुठल्या शवागारात ठेवलंय? माझ्यासाठी थांबलात का? आईला का सांगितलं नाहीस? तिला भांड्यावरून कळावं ही कसली रीत, देदे? तिला तर तू समोर बसून सांगायला हवं होतंस.

आमचं जहाज जुलैत टेमाला लागेल. त्याआधी मला उतरू देत नाहीत, मी विचारून बघितलं. पुरू नका. माझी एवढीच विनंती आहे.

टेटे

टेमा, कम्युनिटी आठ
१९ मे १९८८

टेटे,

तुला वेड लागलंय की आशितेयला?

तुझं पत्र वाचून मी आधी खुर्चीत बसले, मग गॅलरीत जाऊन बघून आले. बाबा बसलेले आहेत. श्वास चालू आहे. पाय खाजवत होते. कसलं शवागार आणि कसलं काय. धुतलेल्या भांड्याचा आणि मरणाचा काय संबंध, ते तरी सांग. भांडं मी धुते. माणसं भांडी धुतात. आईने असला निरोप कशाला दिला असेल? आशितेयने बाटली रिकामी करून स्वतःच काहीतरी जुळवलं असणार. येत्या रविवारी न्यूटाऊनला जाणारच आहे, तेव्हा तिलाच विचारते.

तुझा जीव थाऱ्यावर यावा म्हणून बाबांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "टेटे विचारतोय, तुम्ही जिवंत आहात का."

त्यांनी पाय खाजवायचं थांबवलं. मग म्हणाले, "त्याला लिही, मला नक्की ठाऊक नाही."

मी हसले. ते हसले नाहीत. मग एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा सलग बोलले. म्हणाले, "माझ्या भावाला बोलावून घे. त्याला म्हणावं बाटली घेऊन तुझ्या आईच्या, अफोलेच्या घरी जा आणि तिच्या माणसांना रीतीने विचार, माझं काय चुकलं. एवढ्या वर्षांनी बाई सोडते तर कारण तरी सांगावं."

मी म्हटलं, बाबा, तुम्हाला कुणी सोडलंय? भांडण कधी झालं? तर तोंड फिरवून म्हणाले, "माणूस असल्या गोष्टी मुलीपाशी बोलत नाही."

टेटे, मला भीती वाटते. डॉक्टर म्हणाले होते की या दुखण्यात कधीकधी डोकं फिरतं. काय खरं, काय मनातलं, ते माणसाला कळत नाही. तसंच झालं असेल का? गेले चार दिवस त्यांनी माझ्या ताटातलं जवळजवळ काही खाल्लेलं नाही. ओदोई रात्रपाळीहून आला की त्यांना भरवायचा प्रयत्न करतो. ते त्याचा हात धरतात आणि खाली ठेवतात. असंच चाललं तर तुझं म्हणणं खरं व्हायला जुलैपर्यंत थांबावं लागणार नाही. हे मी कुणापाशी बोललेले नाही. तुलाच लिहिते.

मी सगळं नीट करते आहे, तरी सगळं हातातून सुटतंय.

देदे

हॅम्बुर्ग
४ जून १९८८

देदे,

तुझी दोन पत्रं आज एकदम मिळाली. एप्रिलचं अँटवर्पहून माझ्या मागे मागे आलं. बाबा आहेत हे वाचून मी भटारखान्यात जमिनीवर बसलो. बोसनने पाणी आणून दिलं. मग एप्रिलचं वाचलं आणि उठून उभा राहिलो.

तू इथे असतीस तर तुझे खांदे धरून हलवलं असतं. चूक तुझी नाही, तू भांडं कधी वाहिलं नाहीस. पण ऐक.

आपल्या घरात नवऱ्याचं भांडं उष्टंच परत जातं. बायको उघडून बघते. किती खाल्लं, काय ठेवलं, यावरून तिला कळतं तो कसा आहे, खूश आहे की रागावलाय. मग ती ते आपल्या हाताने धुते. पुरुषाच्या घरची माणसं ते भांडं एकदाच धुऊन परत पाठवतात, तो गेल्यावर. आता आलं लक्षात? आईकडे रोज संध्याकाळी आरशासारखं लखलखीत भांडं येतंय. कोब्लाला विचारलं तर तो म्हणणार, मी म्हाताऱ्याला बघितलंच नाही, केंकीवालीकडे ठेवतो. आणि तू काळे कपडे घालून तिच्यासमोर जाऊन म्हणालीस, पडून असतात, तू येऊ नकोस.

आणि बाबा. त्यांचं डोकं फिरलेलं नाही, देदे. संध्याकाळी ते समुद्र बघत नाहीत, भांड्याची वाट बघतात. तुझ्याकडे आल्यापासून बायकोचं जेवण त्यांच्यासमोर आलेलं नाही. आपल्याकडे बाई नवऱ्याला सोडते तेव्हा भांडत नाही, जेवण पाठवायचं बंद करते. आणि पुरुष मागत नाही. मागितलं तर भीक झाली. मग त्यांनी काय करायचं? रस्त्याकडे बघायचं आणि म्हणायचं आज मंगळवार आहे का.

हे पत्र पोचेपर्यंत काय झालं असेल देव जाणे. मिळाल्या मिळाल्या भांडं उचल आणि त्यांच्यासमोर ठेव. मिठाचं नंतर बघू. एखादा मिठाचा घास त्यांना मारणार नाही, हे असं बसणं मारेल.

एक गोष्ट मात्र अजून जुळत नाही. आईच्या रश्शात वरून मीठ हवं असं पोरं का म्हणतात? मी त्याच हातचं खाऊन वाढलोय. विचार करून डोकं दुखलं.

टेटे

टेमा, कम्युनिटी आठ
२५ जून १९८८

टेटे,

तुझं पत्र काल आलं. फार उशिरा आलं. तोवर मला सगळं कळून चुकलं होतं, तेही अख्ख्या इमारतीसमोर. कसं लिहावं ते सुचत नव्हतं म्हणून इतके दिवस गप्प राहिले.

मी तुला ते मागचं पत्र टाकलं आणि त्याच आठवड्यात, शनिवारी, मी ओदोलेला आंघोळ घालत होते. बाबा गॅलरीत. कोब्लाची बस खाली थांबली, पण भांडं उतरलं नाही, बायका उतरल्या. आईच्या घरातल्या सगळ्या. लाल-काळं कापड गुंडाळलेल्या. पुढे आई, अनवाणी, डोक्यावर निळं भांडं. अंगणातच त्यांनी रडायला सुरुवात केली. खिडक्या उघडल्या. माआ अक्वेले केंकी टाकून उठली. तळमजल्यावरचा सिमेंटवाला दाढीला साबण लावलेला तसाच बाहेर आला. जो तो विचारतोय, कोण गेलं, कोण गेलं.

बाबांनी वरून बघितलं. बायको सुतकाच्या कापडात, मागे रडणाऱ्या बायका. त्यांना काय वाटलं असेल? स्वतःचं मरण कुणाच्या डोक्यात येतं? ते कठडा धरून उभे राहिले. पाय ओढत खोली ओलांडली, स्वयंपाकघर ओलांडलं. मी ओल्या हाताने धावले तर त्यांनी मला बाजूला सारलं. आणि तुझं नाव घेऊन हाक मारली, टेटे. "टेटे बुडाला. तू मला सांगितलं नाहीस, देदे. माझा टेटे बुडाला." मी बाबांना कधी रडताना बघितलं नव्हतं. तू हे वाचायला हवंस म्हणून लिहिते. तू गाल खाल्लेस ना इतकी वर्षं, त्याची किंमत त्या दिवशी मी डोळ्यांनी बघितली.

त्यांनीच दार उघडलं. आई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर होती. तिने वर बघितलं. मागच्या बायकांचं रडणं एकेक करून थांबलं, शेवटची दोन पायऱ्या उगाचच रडत राहिली.

"कोण गेलं?" बाबांनी विचारलं.

"तू," आई म्हणाली.

"मी?"

"मग भांडं कोण धुतं?"

"कुठलं भांडं? तू तर पाठवायचं बंद केलंस."

"मी बंद केलं? मी?" आईचा आवाज असा चढला की पाच नंबरपर्यंत गेला असेल. "रोज संध्याकाळी त्या कोब्लाच्या हातापाया पडते मी. वाटलं मेलास आणि ही मुलगी तुला बर्फात ठेवून माझ्याशी खोटं बोलते. आज शेवटचं जेवण घेऊन आले, तुझ्या उशाशी ठेवायला."

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. जिन्यातल्या सगळ्यांनीच बघितलं. टॉवेलातल्या ओदोलेने मोठ्याने सांगितलं, "आजीचं जेवण आम्ही खातो."

मी म्हटलं, डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. मी म्हटलं, तुझ्या रश्शात खारवलेला मासा. मी म्हटलं, मी त्यांच्या भल्यासाठीच. आईने भांडं उतरवलं, फडकं सोडलं, झाकण काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "चाख."

मी बोट बुडवून चाखलं. भेंडी, मासा आणि पाणी. मीठ नव्हतं. टेटे, एक कणसुद्धा नव्हता. पोरं इतके दिवस हेच सांगत होती आणि मी त्यांना शहरी जिभा म्हणत होते. मी स्वतः एकदाही चाखून बघितलं नव्हतं.

"डॉक्टर बोलत होता तेव्हा मी भिंतीकडे बघत होते," आई म्हणाली. "बहिरी नव्हते. त्या दिवसापासून याचं वेगळं करते. शेजारच्या भट्टीवाल्या हसतात मला, खारा मासा विकणारीच्या घरातलं मीठ संपलं म्हणून."

मला लाज वाटली. आणि खरं सांगते, रागही आला. भांड्याची ही रीत मला कधी कुणी सांगितलीच नाही, कोफोरिदुआहून मी पाहुणी म्हणून आले आणि पाहुणीच राहिले. त्या सगळ्यांसमोर मी रडले. इतक्या बायका रडायच्या तयारीने आल्या होत्या, रडले मी एकटी.

बाबा तिथेच पायरीवर बसले. आई एक पायरी खाली बसली, कारण आमच्या घरात तर ती पाऊल टाकणार नव्हती. ते जेवले. आम्ही सगळे बघत उभे. आईने विचारलं, "कसं झालंय?"

"वाईट झालंय," बाबा म्हणाले आणि हात पुन्हा भांड्यात घातला. सुतकाच्या कापडातल्या त्या बायका पोट धरून हसल्या.

आता ते माझ्याकडेच आहेत, जिना उतरता येईपर्यंत. मग आपल्या घरी, पुरुषांत जाणार आहेत, आणि आता मी अडवणार नाही. कोब्लाला आईने दम दिलाय. तो रोज बस खाली लावतो, तीन मजले चढतो, म्हाताऱ्याचं तोंड बघतो आणि उष्टं भांडं घेऊन जातो. प्रवासी खाली भोंगा वाजवतात. बाबांचा शर्ट थोडा भरलाय. मंगळवार कधी आहे ते आता त्यांना बरोबर ठाऊक असतं.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी पायरीवर त्यांनी माशाचा गाल झाकणाखाली ठेवला. ओदोलेने हात पुढे केला, तर म्हणाले, "हे टेटेचं." आईने झाकण लावलं आणि बांधलं. दुसऱ्या रविवारी मी न्यूटाऊनला गेले, तर तो तुकडा भट्टीवर जाळीच्या कडेला, धुरात, वेगळा ठेवलेला. मी म्हटलं, आई, असा किती दिवस राहणार? तो जुलैत येणार.

ती म्हणाली, "मग त्याला लिही, बिनमिठाचा मासा टिकत नाही. लवकर ये म्हणावं."

म्हणून लिहिलं.

देदे